कमानीवरचं नाव

गल्लीच्या व्हॉट्सॲप गटावर तो निरोप आला तेव्हा मी एका लेखाची मुद्रितं तपासत बसले होते. ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की सौ. वैष्णवी…’ पुढं एक आडनाव, वैजापूर, अल्पशा आजारानं निधन, अंत्यविधीची वेळ. फोटो नव्हता. घाईत नजरेखालून गेलेल्या त्या नावाची कुणी बाई मला आठवेना. खाली आठ-दहा जणांनी हात जोडले होते. मीही जोडले आणि पुन्हा मुद्रितांकडं वळले. तिसऱ्या दिवशी आई मेथी निवडता निवडता म्हणाली, ‘‘शरीच्या मातीलासुद्धा गेली नाहीस. इतकी कसली गं अढी?’’ मी विचारलं, ‘‘कुठली शरी?’’ आईच्या हातातली जुडी तशीच राहिली. ती नुसती माझ्याकडं बघत राहिली… मग मी फोन काढला, तो निरोप पुन्हा वाचला आणि त्याखाली माझे ते दोन जोडलेले हात पाहिले.

शरयू आणि मी पुंडलिकनगरात एकाच गल्लीत वाढलो. तिचे वडील, गंगाधरकाका (ती त्यांना दादा म्हणायची), मूळचे खुलताबादकडचे. शेती भावांकडं सोडून जिल्हा परिषदेत क्लार्क झालेले. माणूस सरळ, पण साहेबाच्या खुर्चीसमोर उभं राहून राहून पाठीला कायमचा बाक आलेला. आमच्या घरात सगळं उलटं. आजोबांनी निजामाच्या राजवटीत चोरून पत्रकं वाटलेली, बाबांनी हुंड्याविरुद्ध, कर्मकांडाविरुद्ध, पाण्यासाठी अशी आयुष्यभर पत्रकं काढली. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांच्या उरलेल्या गठ्ठ्यांवर. शाळेत कुणी मुलींना वेगळं बसवलं तरी मी बाकावर उभी राहून भाषण करायची आणि शरयू खालून माझा फ्रॉक ओढायची. ‘‘पत्रकबाई, उतरा आता. घंटा झाली.’’ ती मला जन्मभर पत्रकबाईच म्हणत आली. मी तिला शरे म्हणायची. तिचं नाव तिच्या आत्यानं ठेवलेलं. आत्या लवकर गेली, म्हणून शरयूचा त्या नावावर भारी जीव होता. वहीच्या प्रत्येक पानावर ते लिहायची, वळण देऊन, शेवटचा ऊकार पार खालच्या ओळीपर्यंत ओढून.

तिचं लग्न ठरलं वैजापूरला. घर बागायतदार, अडतीवर वजन असलेलं, मुलगा वैभव. सुपारी फुटली त्याच दिवशी तिच्या होणाऱ्या नणंदेनं सांगून टाकलं की पत्रिकेच्या हिशोबानं नाव ‘व’वरून ठेवायचं, वैष्णवी ठरलंय. आमच्याकडं लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, बायकांनी ‘छान आहे, छान आहे’ म्हणायचं. जिला एवढी वर्षं एक नाव होतं तिनं मान खाली घालून ते वाचायचं. मला हा प्रकार तेव्हाही संतापजनक वाटायचा, आजही वाटतो. शरयू मात्र हसून म्हणाली, ‘‘बारसं एकदा झालंय माझं. आता परत घुगऱ्या वाटायच्या व्हय?’’ पण ते हसणं लगेच ओसरलं. मग म्हणाली, ‘‘तांदळातलं नाव तांदळात राहू दे. दारातल्या कमानीवर तरी माझं पायजे. आत शिरेपर्यंत तर मी मीच आहे ना?’’

म्हणून कमान निवडायला आम्ही तिघं गेलो, ती, गंगाधरकाका आणि मी. शहागंजच्या मागं रशीदचाचांचं मंडपाचं गोदाम. चाचांनी आधी नवी कमान दाखवली, बदामाच्या आकाराची, कडेनं दिव्यांची माळ, मध्ये दोन अक्षरं बसायची जागा. ‘‘आजकल सब यहीच लेते. व और व लगा देंगे, एकदम मस्त.’’ काका लगेच म्हणाले, ‘‘हीच बरी. पाव्हण्यांनी अशीच सांगितलीय.’’ शरयू तोवर आत पोचली होती. भिंतीला टेकलेली एक जुनी सागवानी कमान होती, बिनरंगाची, वर आडवी फळी आणि फळीवर अक्षरं टांगायच्या लोखंडी आकड्यांची, हुकांची रांग. ‘‘चाचा, हे आकडे कशाला?’’ चाचांनी कोपऱ्यातलं पोतं जमिनीवर रिकामं केलं. लाकडात कापलेली वीतभर उंचीची अक्षरं खडखडत पसरली, काने, मात्रा, वेलांट्या सगळं वेगळं. पोलीस ॲक्शनच्या आधी, निजामाच्या काळात, चाचांचे अब्बा उर्दूत पाट्या करायचे. नंतर शहरात स्वागताच्या कमानी उभ्या राहायला लागल्या, त्यावर नागरी लिपी हवी होती, तेव्हा म्हातारपणी ते एका मास्तराकडून बाराखडी शिकले आणि ही अक्षरं कापली. ‘‘अब कोई लेता नहीं बेटा. एकेक हरफ लटकाना पडता.’’ शरयू तिथंच खाली बसली. श शोधला, र शोधला, य शोधला, ऊकार काही सापडेना. तो मी पोत्याच्या तळातून काढून दिला. तिनं फरशीवर नाव जुळवलं आणि मान तिरकी करून बघत राहिली. ‘‘लई भारी दिसतंय गं… रस्त्यावरून वाचता येईल.’’

काका कासावीस झाले होते. ‘‘पाव्हणे काय म्हणतील, शरू?’’ त्या वेळी मी बोलले. छापल्यासारखं बोलले. बाईचं नाव हा तिचा पहिला हक्क, तो सोडला की पुढं सोडायला काही उरत नाही, वगैरे. काका माझ्या बोलण्यापुढं गप्प झाले. साहेबापुढं व्हायचे तसेच. जुनी कमान ठरली. बाहेर पडताना शरयूनं माझा हात घट्ट धरला होता, आणि मला वाटलं, आपण एक लढाई जिंकली.

लग्न बीड बायपासच्या एका मंगल कार्यालयात होतं. सकाळी फाटकाशी कमान उभी राहिली, आंब्याच्या डहाळ्या बांधलेली, आणि फळीवर ‘शरयू’. तासाभरात वऱ्हाड आलं. मुलाचे चुलते गाडीतून उतरले, वर बघून म्हणाले, ‘‘ही शरयू कोण? आमची सून वैष्णवी हाय. पाटी चुकली का कार्यालय चुकलं?’’ मागची माणसं हसली. काका पुढं धावले. रशीदचाचा म्हणाले, ‘‘साहब, नाम तो विधी के बाद बदलते ना?’’ चुलत्यांनी त्यांच्याकडं पाहिलंही नाही. ‘‘फोटो आत्ता निघत्यात. ते नाव उतरल्याबिगर आमचं कुणी आत यायचं नाय.’’ मी आडवी गेले, मोठ्यानं बोलले, एकदोघांनी माझा मोबाईलवर व्हिडिओही घेतला. आणि माझं बोलणं चालू असतानाच गंगाधरकाका स्वतः शिडीवर चढले. चाचांचा माणूस चढायला तयार होता, त्याला त्यांनी चढू दिलं नाही. एकेक अक्षर आकड्यावरून काढून ते खाली चाचांच्या हातात देत होते, जपून, आवाज न होऊ देता.

पिवळ्या साडीत शरयूला फोटोसाठी फाटकाशी आणलं तेव्हा फळीवर वैष्णवी लागलं होतं. तिनं वर पाहिलं, मग माझ्याकडं. मी सगळ्यांदेखत म्हणाले, ‘‘परत फिर, शरे. याच्याखालून जाऊ नकोस.’’ ती माझ्याजवळ आली. तिचा आवाज इतका बारीक होता की फक्त मलाच ऐकू गेला. ‘‘परत फिरून जाऊ कुठं? तुझ्या घरी येऊ?’’

मी गप्प बसले… हे मी आज पहिल्यांदा लिहितेय. आमच्या घरी दोन खोल्या होत्या, बाबा होते, आई होती, कुणीही तिला नको म्हणालं नसतं. तरी माझ्या तोंडून ‘चल’ निघालं नाही. अन्याय कसा नाकारावा हे आमच्या पत्रकांमध्ये भरपूर होतं. नाकारून आलेली मुलगी संध्याकाळी कुठं झोपेल, तिच्या बापाचं काय होईल, हे एकातही नव्हतं, आणि ते पत्रकात नाही हे त्या क्षणी मला कळलं. तिनं दोन श्वास वाट पाहिली. मग पदर सावरला आणि कमानीखालून गेली. मी अक्षता न टाकता, न जेवता निघून आले. रिक्षात बसल्यावर मला तिचा राग आला, आणि तो मी तत्त्व म्हणून वर्षानुवर्षं सांभाळला.

ती फोन करायची. तिसऱ्या-चौथ्या फोनला मी म्हणाले, ‘‘बोला वैष्णवीताई, काय म्हणताय?’’ ती म्हणाली, ‘‘तू पण?’’ आणि पुढं नेहमीसारखं बोलत राहिली, पाण्याचं, कांद्याचं, सासूच्या गुडघ्याचं. मी मात्र ते नाव सोडलं नाही. दर फोनला तेच, दर वेळी ताई लावून. आता लिहितानाही लाज वाटते की मला ते चपखल वाटायचं. टोमणा म्हणून इतकं वापरूनही ते तिचं नाव म्हणून माझ्या मनात कधी बसलंच नाही, म्हणून तर निरोपात ते ओळखू आलं नाही.

शेवटची भेट दीड वर्षापूर्वीची. तिची आई त्याआधी काही महिने गेली होती. शरयू दारात उभी, हातात कांद्याची पिशवी, अंगानं वाळलेली. आत ये म्हटलं तर आली नाही. ‘‘कांदे घे, आमच्याच मळ्यातले हायेत. अन् एक काम कर. एकदा हाक मार मला.’’ मी विचारलं, ‘‘म्हणजे?’’ ‘‘आई होती तोवर ती मारायची, दार लावून. दादा आता वैष्णवीच म्हणतात. तिकडं चुकून तोंडातून जाईल म्हणून सवय लावून घेतलीय त्यांनी. तू एकटीच राहिलीस बघ.’’ शब्द दोन अक्षरांचा होता. शरे. मी म्हणाले, ‘‘नाव राखायचं होतं तर तेव्हा राखायचं.’’ ती हसली, मनापासून हसली. ‘‘पत्रकबाई, तू अजून त्या कमानीखालीच उभी हायेस व्हय? मी तर कवाच पुढं गेले.’’ पिशवी उंबऱ्यावर ठेवून ती गेली. ते कांदे आम्ही महिनाभर खाल्ले.

माझी मतं बदलली, असं कुणी समजू नये. नाव काढून घेणं ही चोरीच आहे, मंत्र म्हणून केली तरी. मी ते लिहीत राहीन. पण त्या चोरीत शेवटचा हात माझा होता. चुलत्यांनी नाव फळीवरून उतरवायला लावलं. ज्या एकाच तोंडात ते शिल्लक होतं ते माझं, आणि मी ते मिटून घेतलं. आता कितीही हाका मारल्या तरी त्यांचा तिला उपयोग नाही.

गेल्या आठवड्यात मी शहागंजला गेले. चाचा थकलेत, पण त्यांना ती आठवत होती. ‘‘इतनी शादियाँ किया बेटा, लगाया हुआ नाम उतारना एकीच बार पडा.’’ जुनी कमान भिंतीला तशीच टेकलेली, फळीवरचे आकडे गंजलेले. चाचांनी पोतं ओतलं. मी श, र, य, ऊकार शोधले आणि तिनं जुळवलं होतं तिथंच फरशीवर जुळवले. थोडा वेळ नाव तिथं होतं… मग एक गिऱ्हाईक आलं, सफारीतले एक गृहस्थ आणि त्यांच्यामागं त्यांची मुलगी. चाचांनी वाट मोकळी करायला अक्षरं पुन्हा पोत्यात सारली. गृहस्थांनी बदामाची कमान पसंत केली. चाचांनी वही उघडली, नवऱ्या मुलाचं नाव लिहून घेतलं आणि विचारलं, ‘‘लडकी का नाम?’’

‘‘ते राहू द्या मोकळं,’’ गृहस्थ म्हणाले, ‘‘पाव्हण्यांना विचारून कळवतो.’’

मुलगी त्या जुन्या कमानीजवळ उभी राहून फळीवरच्या रिकाम्या आकड्यांना बोट लावून बघत होती. मी तिला विचारलं, ‘‘तुझं नाव काय गं?’’ तिनं उत्तर द्यायच्या आधी वडिलांकडं पाहिलं.