बाबांच्या ताटातलं वरण
जिनिंगच्या कारखान्याजवळून जाताना कच्च्या कापसाचा उबट वास आला की मला बोरी अरब गावातलं आमचं घर आठवतं. एका वर्षी भावच नव्हता, म्हणून न विकलेला कापूस माजघरात आढ्यापर्यंत रचलेला होता. बाबांना शुगर आधीपासून होती, त्यात बीपी वाढलं. मीठ तोडा, नाहीतर किडन्या जातील, असं डॉक्टरांनी बजावलं. आईने मिठाची बरणीच शेजारी देऊन टाकली, तरी महिनाभरात बीपी उतरलं नाही. माझा संशय बाबांवर होता. मी त्यांचे खिसे तपासले, लोणचं कुलुपात ठेवलं, आणि एका दुपारी कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून लपवलेले पापड सापडतात का ते पाहिलं. बाबा खाटेवरून म्हणाले, "झाली का झडती, फौजदारीणबाई?" संध्याकाळी मी त्यांच्या ताटातलं वरण चाखलं, तर ते खारट लागलं. आई शांतपणे म्हणाली, "मीठ कुठी टाकलं मी? शेंदेलोण हाय ते. उपासाले चालते, मंग तुह्या बाबाले कायले नाही चालत?" तेही मीठच असतं, हे तिला समजावून मी बाबांकडे वळले. "तुम्हाला चव कळत नव्हती?" ते म्हणाले, "कळत होती ना. पण तुही माय एकादशीसारखं नेमानं रांधून राह्यली होती. तिले कसं सांगू?" गेल्या महिन्यात बाबा गेले. भेटायला येणारे ही शेंदेलोणाची गोष्ट ऐकून हळहळतात, आईही डोळे पुसते. मी मान हलवते; पण तेव्हा त्यांनी आईचं मन जपलं की स्वतःची जीभ, हे मला अजून ठरवता येत नाही.