पडद्यावरचा लाल कण

नवा मॉनिटर आला, तसं आईने त्याच्या कडेला हळदकुंकू लावलं. चालू केला, तर पडद्याच्या कोपऱ्यात एक लाल कण दिसला. कुंकूच सांडलं असणार म्हणून मी फडक्याने पुसत बसलो. कण हलेना. मॉनिटर बंद केला की तोही गायब. म्हणजे दोष आतला होता. पडद्यातले लाखो ठिपके सांगितला तो रंग घेतात, मग हा एकच लालावर का अडून बसला असेल? बाकीच्यांकडे मी कधी पाहिलंही नव्हतं, याला मात्र रोज शोधतो.

दुकानदार म्हणाला होता, “आठवड्यात आणा, बदलून देतो.” आज मॉनिटर परत न्यायला खोकं काढलं. आई म्हणाली, “कुंकू तूच पूस. मी लावलेलं पुसत नाही.”

जे कुंकू नव्हतं ते मी तासभर घासलं होतं. खऱ्यावर फडकं ठेवायला हात धजेना.