मास्तरांची माळीण

आमच्या शाळेचे ड्रॉइंग मास्तर जितक्या रागाने चित्र काढत, तितक्या रागाने साऱ्या मध्यप्रांत-वऱ्हाडात कुणी भांडतसुद्धा नसेल. मी पुण्याकडून अमरावतीला मराठी शिकवायला आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांचा आवाज फाटकापर्यंत ऐकू आला. निसर्गदृश्य काढायला सांगितले होते आणि सगळ्या वर्गाने दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी आणि काठाला नारळ काढला होता. "अमरावतीत नारळ कोणं पाह्यला? शाळेपुढचा कडुनिंब काय मेला?" असे ओरडून त्यांनी अख्खा वर्ग कडुनिंबाखाली नेऊन बसवला. हंसांशी तर त्यांचे वैरच होते. न्हाव्याच्या दुकानात तळ्यातल्या हंसांचे कॅलेंडर दिसले, तर अर्धी दाढी झालेली असताना उठून त्यांनी ते उलटे करून टांगले. माझ्या बायकोने उशीच्या अभ्र्यावर भरलेला हंस पाहून म्हणाले, "वहिनी, हंस पाह्यला काय तुमी कधी? कोंबडी काढा ना, अंगणात फिरून राह्यली!" बायको आठ दिवस धुमसत होती. मग तिने कोंबडी भरायला घेतली, आणि ती हंसापेक्षा चांगली वठली म्हणून तिला आणखीच राग आला.

एकदा नागपूरहून इंग्रज इन्स्पेक्टरसाहेब यायचे ठरले. हेडमास्तरांनी हॉलसाठी मोठे चित्र मागितले: बर्फाची शिखरे, धबधबा, पाणी पिणारे हरीण. मास्तर दोन महिने रोज सकाळी भाजीबाजारात जाऊन बसले आणि त्यांनी काढली एक माळीण. निळे लुगडे, पुढ्यात वांग्यांचा ढीग, आणि कुणी गिऱ्हाईक वांगी दाबदाबून पाहते आहे म्हणून तोंडावर चढलेला संताप. चित्रापुढे उभे राहिले की वांग्याकडे गेलेला आपलाच हात मागे घ्यावासा वाटे.

"हॉलमध्ये भाजी लावू? साहेब काय म्हणतील?" हेडमास्तर कडाडले.

"साहेबाले बर्फ काहून दाखवता? त्याच्या देशात लय हाय तो!"

"दुसरं चित्र द्या, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

आम्ही सहा शिक्षक तिथे उभे होतो. एकानेही तोंड उघडले नाही, आणि त्या सहांत मी होतो. त्याची चीड मला अजून येते. मास्तरांनी चित्र उचलून डोक्यावर घेतले आणि तडक बाजाराची वाट धरली. मी मागून गेलो.

त्यांनी चित्र त्या माळणीच्या ढिगापुढे उभे केले. "पाहा! तुमाले हॉलात जागा नाई म्हणते तो माणूस!"

माळीणही काही कमी तापट नव्हती. "मास्तर, मी एवढी बुढी दिसतो काय?" ती उसळली. "ह्या सुरकुत्या कोणाच्या?" मास्तरही बाह्या सावरून भांडायला सरसावले. पण बोलता बोलता ती थांबली. चित्राजवळ सरकली. पदराने हात पुसून तिने चित्रातल्या गालाला बोट लावले.

"हे मी नोहो," ती हळूच म्हणाली. "हे माही माय हाय. अशीच चिडे ती. तिचा फोटू नाई निघाला कधी."

मास्तरांनी वर सारलेल्या बाह्या खाली ओढल्या. "घेऊन जा," एवढेच ते म्हणाले, आणि मग माझ्यावर खेकसले, "काय पाहून राह्यले? चला!"

दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले नाहीत. अकोल्याला जाऊन दुकानांच्या पाट्या रंगवू लागले. हॉलमध्ये हेडमास्तरांनी विकतचे हिमशिखर लावले. साहेब त्याकडे न बघता गेले.

कितीतरी वर्षांनी अमरावतीजवळच्या भातकुलीत एका लग्नाला गेलो होतो. तिथे ती माळीण भेटली, केस पांढरे झालेली. आग्रहाने घरी घेऊन गेली. देवाशेजारी ते चित्र होते. चुलीच्या धुराने निळे लुगडे काळवंडले होते, आणि रोज लावलेल्या कुंकवाने कपाळावर जाड थर चढला होता. तिने मला चहा दिला आणि विचारले, "मास्तर कसे हायेत? अजून तसेच चिडते काय?"

मास्तर वारून तेव्हा वर्ष झाले होते.

"हो," मी म्हणालो, "तसेच चिडतात."

ती हसली, आणि मी गरम चहा घाईघाईने पीत राहिलो.