अर्ध्यावर थांबलेला धवला

हिरामावशीला साधे बोलताच येत नसे. नळाला पाणी आले की ती गाऊन सांगायची, आणि कुणाची कोंबडी अंगणात शिरली तर शिव्यासुद्धा चालीवर यायच्या. घोडबंदर रोडच्या टॉवरांमागे उरलेल्या एका आगरी गावात, तिच्या घराच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहायचे. सकाळी शाळेत शिकवायला निघाले की खालून सूर लागायचा, "बाई निंगाल्या, डबा इसरल्या!" आणि डबा खरोखरच ओट्यावर राहिलेला असायचा.

ती धवलारीण होती. आगरी लग्नांत मांडव घालण्यापासून नवरी सासरी पाठवण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीला एक गाणे असते, धवला. तो गाऊन लग्न लावते ती धवलारीण. भटजी आले तरी बायकांना ओढ मावशीच्या धवल्याची. काही शब्द तिच्या आईकडून आलेले, बाकीचे ती तिथल्या तिथे जुळवायची. मी एकदा विचारले, "मावशी, सुचतं कसं हो?"

"सुचतंय कुठं?" ती म्हणाली. "पोरीचे तोंडाकरं बगाचं. तिथंच असतंय."

तिचा नवरा लवकर गेलेला. एकुलती एक मुलगी सुगंधा, नौपाड्यात डोळ्यांच्या दवाखान्यात पेशंटची नावे लिहून घ्यायला बसायची. शहाडच्या सुनीलशी तिचे लग्न ठरले आणि मावशीची लगबग सुरू झाली. मासळी साफ करताना, कपडे वाळत घालताना तिचे ओठ हलत असायचे. गावाच्या पोरींसाठी आयुष्यभर गायली, आता स्वतःच्या पोरीसाठी धवला बांधत होती. त्यातल्या हळदीच्या दोन ओळी तर मलाही पाठ झाल्या:

मांडवाचे दारी हलद सांडली गो,
माजी सुगंधा बाय पिवली झाली गो.

लग्न तोंडावर आले आणि सुगंधाचे डोळे पिवळे दिसायला लागले. मावशी हसून म्हणाली, "बग गो, हिला हलद आधीच लागली!" आम्ही सगळ्याजणी हसलो. सुगंधाही हसली.

कावीळ साधी नव्हती. यकृत काम करेनासे झाले. हॉस्पिटलात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सगळे समजावून सांगितले. मी शिकलेली दिसले म्हणून असेल. पण त्या माहितीचे काय करायचे, ते मला कुठे ठाऊक होते? मी आत जाऊन उभी राहिले. मावशी मुलीचे तळवे चोळत होती. "बाई, डोले उघरील ना?" तिने विचारले. मी "हो" म्हटले. सुगंधाने डोळे उघडले नाहीत.

त्यानंतर घर मुके झाले. नळ सुरू राहून पाणी अंगणभर जायचे आणि मावशी पायरीवर बसून बघत राहायची. लग्नाची बोलावणी आली की मान हलवून नाही म्हणायची. मी शाळेत मराठी शिकवते. कवितेने मन हलके होते, हे वर्गात कितीदा सांगितलेय. तेच मी तिलाही सांगायला गेले. "मावशी, तिच्यासाठी बांधलेला धवला एकदा म्हणून टाका. मोकळं वाटेल."

"कुनाचे तोंडाकरं बगून म्हनू?" तिने विचारले.

मी वर निघून आले.

पण काही दिवसांनी एका दुपारी खालून आवाज आला. ती म्हणत होती. देवांना आवतण दिले, मांडव घातला, जाते पुजले, हळद दळली. "माजी सुगंधा बाय" इथवर आली आणि थांबली. पुढचा शब्द निघेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवातीपासून, पुन्हा तिथेच अडली. मग हे रोजचेच झाले. मी जिन्यात बसून ऐकायचे आणि ती जागा जवळ आली की पुढचे शब्द मनातल्या मनात म्हणायचे.

वर्ष उलटल्यावर शहाडहून सुनीलची आई आली. बराच वेळ पदराचे टोक चाळवत बसली. शेवटी म्हणाली, "हिराबाय, पोराचं लगीन जमवलंय. पन तो आयकत नाय. म्हनतो, हिराआय धवला म्हनंल, तवाच हलदीला बसंन."

"पोर गेलेली बाय मी. लोकं क म्हनतील?"

"म्हनूं दे."

मावशीने मला सोबत नेले. शहाडच्या मांडवात बायकांची कुजबुज झाली. सुनील पाटावर मान खाली घालून बसला होता. मावशीने खणखणीत आवाजात सुरुवात केली. हळदीची ओळ आली. सुनीलचे नाव घ्यायचे, पण तिच्या तोंडून निघाले, "माजी सुगंधा बाय..." आणि ती थांबली. सुनीलचे खांदे हलायला लागले. तिला बाहेर न्यावे म्हणून मी उठले.

तेव्हा सुनीलच्या आईने खालच्या आवाजात ओळ उचलली, "माजी सुगंधा बाय..." मावशीने तिच्याकडे पाहिले आणि म्हणाली, "पिवली झाली गो." बायकांनी ती ओळ झेलली. मग मावशीने सुगंधाची पाठवणीसुद्धा तिथेच म्हटली, उंबऱ्यापासून वेशीपर्यंत. कुणी अडवले नाही. पाठवणी संपल्यावर तिने पदराने तोंड पुसले, सुनीलच्या कपाळाला हळद लावली आणि त्याचे नाव घेऊन धवला नव्याने सुरू केला.

परतताना गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी विचारले, "मावशी, हलकं वाटतंय का?"

"नाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "धवला पुरा होत नव्हता, तवर ती घरान होती, बाई. तिची पाठवनी बाकी होती ना. आज मीच तिला पाठवली. आथा घरा जाऊन मी कुनाला हाक मारू?"

मी तिचा हात हातात घेतला. तिच्या बोटांना अजून हळद होती.