पंखावरची रेघ

आजवर ही गोष्ट माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बहिणीजवळ नाही, डॉक्टरांजवळ नाही, देवासमोर हात जोडतानाही मी ती वगळून बाकीचं बोलते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. बघू.

माझे पती विनायक गेले त्याला आता दुसरा हिवाळा. लोणावळ्यात आमचं दोन खोल्यांचं घर आहे, वर गच्ची. मूलबाळ नाही. मी शाळेत शिकवायचे, ते नवलाख उंबरे गावातल्या एका कारखान्यात होते — आयुष्यभर धातू कापणं, घासणं, मोजणं. निवृत्त झाल्यावर माणसं जमीन घेतात, यात्रेला जातात. यांनी विमान घेतलं.

हसू नका. खरंच विमान. दोन माणसं बसतील एवढं, कापडी पंखांचं, जुनं. कान्हे गावच्या माळावर, सोपानआबा म्हणून एक शेतकरी होते त्यांच्या जमिनीत एक छोटी धावपट्टी होती, शेजारी पत्र्याची शेड. तिथं ते उभं असायचं. उडवायला ते आधीच शिकले होते, परवाना होता. दर रविवारी सकाळी डबा घेऊन निघायचे आणि संध्याकाळी उन्हानं रापलेले, खूश होऊन परत यायचे.

लोकांना वाटतं विमान घेणं महाग. घेणं एकदाच असतं हो. महाग असते ती वर्षाची तपासणी. स्कूटर वापरली नाही तर तिचं सर्व्हिसिंग पुढं ढकलता येतं. विमान वर्षभर शेडमध्ये झोपलं तरी तारीख येते. पावसाळ्याचे चार महिने तर ते जागचं हलायचंही नाही. पण तारीख यायचीच. मग परवानाधारक इंजिनिअरला बोलवा — आमचे थत्ते, दुसऱ्या शहरातून यायचे — त्यांची फी, येणं-जाणं, राहणं. चांगल्या दिसणाऱ्या रबरी नळ्यासुद्धा वय झालं म्हणून बदला. एखादा भाग परदेशातून मागवा आणि तो कस्टममधून सुटायची वाट बघा. दरवर्षी विनायक हिशेब करून डोकं धरून बसायचे, म्हणायचे, "सुमे, हे शेवटचं वर्ष." आणि दरवर्षी पैसे उभे करायचे. मी बोलायचे नाही. मनात मात्र म्हणायचे, खरंच शेवटचं असू दे.

का? इथंच तर सगळं आहे.

सगळे धरून चालायचे की मला भीती वाटते. नातेवाईक म्हणायचे, "सुमन, तुझ्या जिवाला किती घोर!" मी हो म्हणायचे. हो म्हणणं सोपं होतं. पण मला भीती वाटत नव्हती. एकदा मी त्यांच्याबरोबर वर गेले होते. हिवाळ्याची सकाळ होती. खाली इंद्रायणी, वडिवळे गावची कापणी झालेली भातखाचरं, धरणाचं पाणी... मला आवडलं, फार आवडलं. ते दाखवावं म्हणून मी त्यांच्याकडं वळले. ते समोर बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी तीस वर्षांच्या संसारात एकदाही पाहिलं नव्हतं. मी शेजारी आहे हे ते विसरले होते. रागानं नाही, मुद्दाम नाही — नुसते विसरले होते. मी त्यांच्या दंडाला हात लावला. ते दचकले, मग ओळखीचं हसले. घरातलं हसले.

त्या दिवसापासून मला रविवार नकोसे झाले. एकटीनं जेवायचं, एकटीनं भांडी आवरायची, गच्चीत जाऊन आकाशाकडं बघायचं नाही असं ठरवायचं आणि तरी जायचं. कुणाला सांगणार — नवऱ्याच्या विमानाचा हेवा वाटतो म्हणून? भीती म्हटलं की लोक जवळ येतात. एकटं वाटतं म्हटलं की हसतात, किंवा गप्प होतात. म्हणून मी ती भीतीच राहू दिली.

आता त्या वर्षाबद्दल.

त्या तपासणीत थत्त्यांनी पंखाचं कापड उघडलं तेव्हा आतल्या मुख्य नळीवर एक बारीक रेघ दिसली. ही नळी म्हणजे पंखाचा कणा. रेघ नुसता ओरखडा असेल तर काही नाही. तडा असेल तर सगळी नळी बदलायची, आणि ती किंमत आमच्या आवाक्याबाहेरची होती. पुण्याहून एक माणूस छोटं यंत्र घेऊन आला, नळीवरून फिरवून माहिती घेऊन गेला. निकाल थत्ते फोनवर कळवणार होते.

आणि फोन मी घ्यायचे. कारखान्याच्या आवाजानं विनायकांच्या कानांवर परिणाम झाला होता. समोर बसून बोललं, विमानात हेडफोन लावला की ठीक. फोनवरचे शब्द मात्र त्यांना एकमेकांत मिसळून ऐकू यायचे. म्हणून थत्त्यांशी मी बोलायचे आणि ऐकलेलं यांना सांगायचे. वर्षानुवर्षं तसंच चाललं होतं. माझ्या तोंडाकडं बघून ते निश्चिंत असायचे.

दुपारी फोन आला. ते समोरच्या खुर्चीत येऊन बसले, हात गुडघ्यांवर.

थत्ते म्हणाले, "वहिनी, विनायकरावांना सांगा, नुसता ओरखडा आहे, वरवरचा. घासून रंग लावला की झालं. मी सही करतो."

"काय म्हणतायत?" यांनी विचारलं.

मी फोन छातीशी धरला. ठरवलं नव्हतं. मी तुमच्याशी खोटं बोलत नाहीये — किंवा असेन, आता मलाच कळत नाही. मी म्हणाले, "तडा आहे म्हणतायत."

एक शब्द. त्यांचा चेहरा — नको, तो नाही सांगता येत. ते उठून आत गेले.

फोन चालूच होता. मी थत्त्यांना म्हणाले, "आम्ही थांबायचं ठरवतोय. दरवर्षीचा हा तपासणीचा खर्च झेपत नाही आता. यांना बोलायचा संकोच वाटतो, तुम्हीही विषय काढू नका."

थत्ते म्हणाले, "समजतं वहिनी. बरेच जण असेच थांबतात." किती सहज विश्वास बसला त्यांचा! खर्चाचं कारण असं असतं, त्यावर कुणी उलटा प्रश्न विचारत नाही.

तिथंच थांबलं असतं तर मी म्हटलं असतं, क्षणाची चूक. पण थांबलं नाही.

पवना धरणाजवळच्या एका रिसॉर्टवाल्याला हिरवळीवर शोभेला ठेवायला विमान हवं होतं. विनायक तयार झाले, एका अटीवर. आधी ती नळी ते स्वतः कापणार. "उद्या कुणी हौशी येईल, रंग लावून उडवेल," ते म्हणाले. "कुणाच्या जिवाचं पाप आपल्या डोक्यावर नको."

मीही गेले त्यांच्याबरोबर. शेडमध्ये आम्ही दोघं आणि दाराशी सोपानआबा. यांनी कापड बाजूला केलं, रेघेवर करवत टेकवली. आणि थांबले. माझ्याकडं वळून विचारलं,

"थत्ते नक्की तडाच म्हणाले ना, सुमे?"

ऐकताय ना? त्यांनी मला विचारलं होतं. करवत हातात होती, नळी अजून अखंड होती. मी तेव्हा एवढंच म्हणायचं होतं की मला नीट ऐकू आलं नसेल, परत विचारते. त्यांनी काही म्हटलं नसतं. हसले असते, म्हणाले असते, आता तुझेपण कान गेले का?

"हो," मी म्हणाले. "तडाच."

त्यांनी कापायला सुरुवात केली. ॲल्युमिनियमचा तो आवाज मला अजून सहन होत नाही. नळी तुटल्यावर ते वाकले, कापलेली कड उजेडाकडं धरली, अंगठा फिरवला. आयुष्यभर धातू पाहिलेला माणूस. तडा आतून कसा दिसतो हे त्यांना माहीत नसेल? ते खूप वेळ बघत राहिले. मी त्यांच्या पाठीकडं बघत होते.

मग करवत पुसून पिशवीत ठेवली आणि म्हणाले, "चल."

पुढं त्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. त्यांना कळलं होतं का? कळलं असेल तर माझ्याबद्दल काय वाटलं असेल? वर्षं गेली, एका ताटलीत पोहे खाल्ले, एका छताखाली झोपलो, आणि हा प्रश्न आमच्यामध्ये — की माझ्या एकटीच्याच मनात?

रविवार मला मिळाले. ते घरी असायचे. पेपर वाचायचे, कुंड्यांना पाणी घालायचे, मी हाक मारली की यायचे. भांडण नाही, टोमणा नाही. माझ्याशी पूर्वीपेक्षा जास्त सांभाळून वागायचे, पाहुण्याशी वागावं तसं. जेवताना मी काहीबाही बोलत राहायचे आणि ते मान हलवायचे. मला वाटायचं ऐकू येत नसेल, म्हणून मी मोठ्यानं बोलायचे. ऐकू येत होतं त्यांना.

हे विमान घेऊन वर गेलेले असताना मी एकटी असायचे तेव्हा निदान संध्याकाळी कुणीतरी परत यायचं होतं.

ते गेल्यावर सोपानआबा भेटायला आले. कान्ह्याहून पोतंभर इंद्रायणी तांदूळ घेऊन आले, बसले, डोळे पुसले. म्हणाले, "वयनी, लय मोठं काम केलं तुमी. त्या यंत्रातनं मानूस भाईर काढला. न्हाईतर कवाच गेलं असतं. तुमच्यामुळं आमाला येवढी वर्सं घावलं."

खोलीत आणखी दोघं-तिघं होते. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, कौतुकानं.

मी पदरानं डोळे टिपले आणि मान हलवली. हो म्हणून.