रिकाम्या सॉकेटवरची रेषा

बी.एस्सी. होऊन मी नगरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात लागलो, तेव्हा मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. आम्ही लाउडस्पीकरचे ॲम्प्लिफायर बनवायचो. जत्रा, लग्नं, साखर कारखान्याचा मोळी टाकण्याचा समारंभ, सगळीकडे आमचा माल ओरडायचा. कारखान्यात एकच खोली अशी होती की तिच्या दाराला पडदा होता आणि आत जाताना चपला काढाव्या लागत. तिला सगळे लॅब म्हणत. त्या लॅबमध्ये मालकांनी पुण्याहून जुना आणलेला कर्व्ह ट्रेसर, म्हणजे ट्रान्झिस्टर तपासायचं मशीन, होता आणि त्याच्यासमोरच्या स्टुलावर मी होतो. मला शिंगं फुटायला एवढं पुरेसं होतं.

काम तसं सोपं. ट्रान्झिस्टरचे तीन पाय मशीनच्या सॉकेटमध्ये खोचायचे की हिरव्या पडद्यावर रेषा उमटत. हाताची बोटं किंचित फाकवून आडवी धरावीत, तशा एकावर एक. त्यातली सगळ्यात खालची रेषा म्हणजे ट्रान्झिस्टर बंद असतानाची. ती तळाला टेकलेली हवी. तिने डोकं वर काढलं की समजायचं, आत गळती आहे, माल वाया गेला. चांगला उजवीकडच्या डब्यात, वाईट डावीकडच्या. सकाळी काम सुरू करण्याआधी सॉकेट रिकामं ठेवून रेषा तळाला आहे ना हे बघायचं, असं मशीनच्या पुस्तकात लिहिलं होतं. पहिले पंधरा दिवस मी ते इमानेइतबारे केलं. मग सोडून दिलं.

माझ्याकडे माल यायचा तो हवालदारांकडून. फौजेच्या सिग्नलमधून घरी आलेले, चाळिशीचे गृहस्थ, सोनईच्या पुढच्या एका खेड्यातले. त्यांचं नाव घ्यायची कुणाला सवयच नव्हती, मालकही हवालदार म्हणत. ट्रान्झिस्टरच्या पायांना डाग देऊन कथील चढवायचं हे त्यांचं काम. डाग देताना तापलेलं लोखंड जरा जास्त वेळ टेकलं तर उष्णता वर चढते आणि ट्रान्झिस्टर मरतो. म्हणून ते प्रत्येक पायाला आधी चिमटा लावत, उष्णता तो ओढून घेई. दिवाळीनंतर त्यांना कायम करायचं ठरलं होतं, आणि त्यासाठी मालकांना हवा होता माझ्या वहीतला शेरा. माझ्या, म्हणजे तेवीस वर्षांच्या पोराच्या.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता, त्यामुळे खंडेनवमीला कारखान्यात नुसती धमाल. दोन वर्षं कुणाला सण गोड लागला नव्हता. कानशी, पक्कड, ड्रिल, सगळं पुसून पाटावर मांडलं होतं. हवालदार आदल्या दिवशीच रजा घेऊन गेले होते. ते बौद्ध, दरवर्षी दसऱ्याला नागपूरला जायचे. जाण्याआधी चार ट्रे माल तयार करून माझ्या टेबलावर ठेवून गेले होते. त्यातला एक मी लगेच तपासला होता, उत्तम निघाला होता.

मालक म्हणाले, “तुझ्या मशीनची पूजा तूच कर. दुसऱ्या कुणाचा हात नको त्याला.” मी फुललो. पाण्यात कालवलेल्या कुंकवाची पाच बोटं ओढली, हळद लावली, अक्षता टाकल्या. फूल काही केल्या मशीनवर राहीना, सारखं घरंगळे. मग मी झेंडूचा देठ नखाने सोलून बारीक केला आणि सॉकेटच्या भोकात खोचला. फूल ताठ उभं राहिलं. सगळ्यांनी वाहवा केली. वरून मी पाण्याचे चार थेंबही शिंपडले. पदार्थविज्ञान घेऊन पदवी मिळवलेला माणूस मी! आज हे लिहितानाही मला माझ्या कानाखाली द्यावीशी वाटते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी फूल उपटून टाकलं, फडकं फिरवलं आणि हवालदारांचा दुसरा ट्रे घेतला. पहिला ट्रान्झिस्टर लावला. खालची रेषा चढलेली. दुसरा, तोच प्रकार. तिसरा, चौथा करत उरलेले तिन्ही ट्रे संपले आणि उजवीकडचा डबा रिकामाच राहिला. मला धक्का बसला, पण त्याहून जास्त राग आला. मनात एकच आलं, की यांना नागपूरची गाडी गाठायची होती, घाईत चिमटा न लावता डाग दिला. मी वहीत लिहिलं, “डाग देताना अति उष्णता. निष्काळजीपणा. संपूर्ण माल बाद.” निष्काळजीपणा या शब्दाखाली मी रेघही ओढली.

हवालदार परतले तेव्हा मालकांनी वही त्यांच्यापुढे टाकली.

“चिमटा लावल्याबिगर मी डाग देतच न्हाई, मालक,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “सायेब, येकडाव मशीन बघता का? पयला ट्रे चांगला निघाल्ता नव्हं?”

“मशीन खोटं बोलत नाही, हवालदार,” मी म्हणालो. मला ते वाक्य तेव्हा फार झोकदार वाटलं होतं.

कुणीतरी मागून म्हणालं, “पूजेला थांबले नाहीत ना, म्हणून.” लोक हसले. मीही हसलो. मालकांनी त्यांना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. हवालदारांनी आपला चिमटा पुसला, टेबलाच्या खणात ठेवला आणि गेले.

त्यांच्या जागी मालकांनी आपल्या मेहुण्याला बसवलं. तोही बऱ्यापैकी डाग द्यायचा. चार दिवसांनी त्याचा पहिला ट्रे माझ्याकडे आला. पहिला ट्रान्झिस्टर लावला, तर खालची रेषा चढलेली. दुसरा लावला, तीच गत. मी पुटपुटलो, “हे मशीन बिघडलं की काय?” आणि तिसरा न लावता दुसराच उपसून काढला.

सॉकेट रिकामं होतं. रेषा चढलेलीच होती.

वाकून बघितलं तर सॉकेटच्या भोकांत लाल-पिवळा ओलसर राडा बसला होता, आणि एका भोकात देठाचा कुजका तुकडा. वीज ट्रान्झिस्टरमधून गळत नव्हतीच, माझ्या कुंकवातून वाट काढत होती. स्पिरिटच्या बोळ्याने सगळं साफ केलं, पंख्याखाली वाळवलं. रेषा तळाला जाऊन बसली. मग हवालदारांचे बाद केलेले तीन ट्रे कपाटातून काढले आणि एकेक ट्रान्झिस्टर पुन्हा लावत गेलो. सगळे चांगले. डावीकडच्या डब्यात टाकायला एकही निघाला नाही.

मालकांना सांगितलं. ते म्हणाले, “घेऊन ये त्यांना. आणि हे बाहेर बोलू नकोस.”

एसटीने सोनई गाठली, पुढे चालत गेलो. हवालदार दारात बसून कुणाचा तरी रेडिओ उघडून दुरुस्त करत होते. त्यांनी मला बाजेवर बसवलं, घरात चहा सांगितला. मी येताना सगळी वाक्यं पाठ केली होती, त्यातलं एकही आठवेना. कसंबसं सगळं सांगितलं. कुंकू, देठ, पाणी, आणि ते मीच केलं हेही. ते स्क्रूड्रायव्हर हातात धरून ऐकत राहिले.

“मंग कळलं कसं तुमाला?”

“मालकांच्या मेहुण्याचा ट्रे आला. त्यातही तसंच दिसलं, म्हणून मशीन तपासलं.”

“किती बाद निघाल्यावर?”

मी म्हणालो, “दोन.”

हवालदारांनी फक्त मान हलवली आणि रेडिओचं झाकण बसवायला घेतलं. आपण काय बोलून गेलो ते मला बोलल्यानंतर कळलं. त्यांचे तीन ट्रे, आणि मेहुण्याचे दोन नग. देठ ही चूक होती, ती कुणाच्याही हातून झाली असती. पण हा फरक ही चूक नव्हती. मी स्वतःला फार पुढारलेला समजायचो, घरी सोवळ्याओवळ्यावरून आईशी भांडायचो. आणि माझा हात मशीनकडे कुणासाठी वळला आणि कुणासाठी नाही, हे मला त्या दारात बसून समजलं. चहा आला. तो गिळताना मला लाज वाटत होती, आणि न पिता उठलो असतो तर त्याचा अर्थ आणखी वाईट झाला असता.

हवालदार परत आले. दिवाळीनंतर कायमही झाले. वहीतला तो शेरा मी खोडला नाही, त्याच्याखाली लिहिलं, “चूक तपासणाऱ्याची,” आणि सही केली. मालकांना ते आवडलं नाही.

मी तिथे पुढे तीन वर्षं होतो. हवालदार माझ्याशी नीट बोलायचे, चहाला हाक मारायचे, मुलीच्या लग्नाला तर त्यांनी मला घरी जेवायला नेलं. फक्त रोज सकाळी ट्रे घेऊन आले की तो टेबलावर ठेवायचे नाहीत. दोन्ही हातांत धरून मशीनच्या हिरव्या पडद्यापाशी उभे राहायचे.

“आदी रिकामं दावा, सायेब.”

मी मशीन चालू करायचो. रेषा तळाला टेकलेली दिसली की ते ट्रे खाली ठेवायचे.