मामांचे बारा चिंचोके

रविवारी दुपारची जेवणं उरकली की आमच्या धाराशिवच्या घरात सतरंजी पडते आणि पोकरची टूर्नामेंट सुरू होते. नवरा हा खेळ हॉस्टेलात शिकला, लग्नानंतर त्यानं मला शिकवला आणि सासरे एसटीतून निवृत्त झाल्यावर त्यांनाही ओढलं. पैसे लावत नाही. प्रत्येकाला साठ चिंचोके. संपले की उठायचं, शेवटी उरेल तो जिंकला. आठवडाभर शाळेत पोरांवर ओरडून झाल्यावर हे दोन तास मला सणासारखे वाटतात.

पण खेळात एक खोट होती. सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामांचे चिंचोके कमी झाले की ते होते नव्हते तेवढे पुढं सारायचे आणि म्हणायचे, "घ्या, सगळे!" पोकरमध्ये याला ऑल-इन म्हणतात. समोरच्यानं तेवढेच घालून कॉल करायचा, नाहीतर पत्ते टाकायचे. आम्ही दोघं मुकाट्यानं टाकायचो. कॉल केला आणि जिंकलो, तर मामांना उठावं लागणार. वडीलधाऱ्या माणसाला सतरंजीवरून उठवायचं कुणी? मग मामा मधले चिंचोके गोळा करायचे, पुन्हा वर यायचे आणि बऱ्याचदा जिंकायचे. नवरा याला मान ठेवणं म्हणायचा. मला मात्र राग यायचा, खरं सांगते.

त्या रविवारी मामांकडं बाराच उरले होते. पत्ते बघण्याआधी टाकावे लागतात ते चिंचोके मधे पडलेच होते, नवऱ्याचे दोन आणि माझे चार. मामांनी बाराही सारले. "घ्या, सगळे!" नवऱ्यानं सवयीनं पत्ते फेकले.

माझ्या हातात बदामची नव्वी आणि सत्ती. फार भारी पत्ते नव्हेत. पण डोक्यात गणित सुरू झालं. मला आणखी आठच घालायचेत आणि मधे अठरा पडलेत. असे तीन डाव घेऊन एकदाच जिंकले तरी माझं भागतं. आणि मामा दर वेळी सारतात, त्यांच्याकडं दर वेळी एक्के कुठून येणार? कॉल करायलाच हवा होता! पण मामा रुसले, तर रविवारचा डाव कायमचा बंद. 

"सोड की," नवरा हळूच म्हणाला.

"कॉल," मी म्हणाले.

मामांनी पत्ते उलटले. इस्पिकचा राजा आणि पंजी. राजा बघून ते स्वतःच चमकले. नवरा आम्हा दोघांच्या सामाईक पाच पत्त्यांतला एकेक मधे मांडू लागला; त्यांत ज्याची मोठी जोडी जुळेल, तो जिंकणार. तिसऱ्याच पत्त्याला चौकटची नव्वी आली, माझी जोडी झाली आणि मी गुडघ्यांवर उभी राहिले. पुढचे दोन पत्ते निघाले. राजा आला नाही, पंजीही नाही. मामा बाहेर!

मी टाळी वाजवली आणि लगेच हात आवरले. मामा उलटलेल्या पत्त्यांकडंच बघत होते.

"मामा, चुकलं का माझं? रागावलात का तुम्ही?"

"चार म्हयनं झालं, पत्ते न बघताच सारतोय," मामा म्हणाले. "म्हनलं, कुनीतरी धरंल. न्हायच धरलं. बसल्या जागी पार म्हातारा करून टाकला हुता तुमी मला."

नवऱ्यानं मान खाली घातली. मामांनी बाह्या वर सारल्या. "वाट गं पत्ते पुन्यांदा. आता खरं खेळू."

पुन्हा साठ-साठ घेऊन मांडलेल्या नव्या खेळात माझेच नऊ उरले, तेव्हा मी सगळे सारले. मामांनी पत्ते बघितले, माझ्याकडं बघितलं आणि जराही न थांबता म्हणाले, "कॉल." त्यांच्याकडं दोन राण्या निघाल्या, माझं काहीच जुळलं नाही. "ऊठ," ते म्हणाले. मी उठले, आणि हरून इतका आनंद मला आजवर कधी झाला नव्हता.